एका गोलाचे अंतर

बेळगावला जाण्याची निमित्ते बहुधा ठरलेली असतात. कोणाची लेक तेथे दिलेली असते, कोणाला लग्नकार्य असते, तर कोणी गोव्याहून परतताना वाट वाकडी करून कुंदा नि मांडे घेण्यासाठी उतरतो. आम्ही उभयता गेल्या डिसेंबरात तेथे गेलो ते एका महाविद्यालयीन हॉकी सामन्यासाठी, असे सांगितले तर इंदुरातल्या आमच्या स्नेह्यांना हसू येईल. ज्या घरात क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाचे नाव निघत नाही, त्या घरच्या माणसांनी रात्रभर आगगाडीत अवघडून बसावे, पुण्याहून पुन्हा बस गाठावी, आणि तेही महाविद्यालयातील पोरांची हॉकी पाहण्यासाठी! परंतु खरे सांगायचे तर आम्ही सामना पाहण्यासाठीही गेलो नव्हतो. सामना खेळणाऱ्याला त्या खेळापासून परावृत्त करावे म्हणून आमची रवानगी झाली होती.

रवानगी करणारी आमची धाकटी बहीण. तिला निपाणीला देऊन आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. घर शेतकऱ्याचे, जमीन भावाभावांत वाटली जाऊन उरली ती बेताची, आणि तीत पीक तंबाखूचे. एकुलता मुलगा बेळगावात राहून वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकतो. पदवी मिळवावी, बँकेच्या परीक्षा द्याव्या, नोकरीला लागावे, अशी आईची साधी अपेक्षा. चिरंजीव मात्र पहाटे मैदानावर आणि संध्याकाळी मैदानावर. त्यातून तो गोलरक्षक! दीडशे ग्रॅमहून अधिक वजनाचा टणक चेंडू अंगावर झेलणे हाच ज्याचा उद्योग, त्याच्या आईला झोप कशी लागावी?

“दादा, खेळून कुणाचं पोट भरलंय?” बहीण म्हणाली. “माझं ऐकत नाही. तुझा शब्द तो मोडायचा नाही. उद्या त्याचा सामना आहे म्हणे. जा, आणि एकदाचं सांग त्याला.”

दाजी ओसरीवर बसून सारे ऐकत होते. तंबाखूचे शेंडे खुडण्याचे दिवस. बोटांवरचा काळा चिकट राप धुऊनही गेला नव्हता. ते एवढेच म्हणाले, “पोरगं वाईट न्हाई. पण आमचं हे असलं काम त्याच्या वाट्याला येऊ ने, एवढंच.”

निपाणीत पाऊल ठेवताच प्रथम जाणवतो तो तंबाखूचा उग्र दर्प. वखारींच्या भिंतींत, बाजारातल्या रस्त्यांत, माणसांच्या कपड्यांत तो मुरलेला असतो. नवख्याला ठसका लागतो. चार दिवसांनी त्याचे भानही राहत नाही. याच पिकाच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी येथे महामार्गावर ठाण मांडले होते, गोळीबार झाला होता आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले होते. जुन्या माणसांच्या बोलण्यात ते दिवस अजून येतात. अशा गावात आई मुलाच्या नोकरीची काळजी करते, तेव्हा ती उगाच करते असे कोण म्हणेल?

आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे. पण आपले पूर्वज चाकरीसाठी, फौजेबरोबर, संस्थानिकांच्या आश्रयाने घर सोडून निघाले होते. निपाणीकरांचे तसे नाही. बहिणीचे सासरे हयात होते तेव्हा हसत सांगत, “मी मुंबई इलाख्यात जन्मलो, म्हैसूर राज्यात संसार केला, कर्नाटकात म्हातारा झालो, पण घर बदललं नाही.” १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले. आपण सीमा ओलांडून गेलो; त्यांच्या अंगणावरून सीमा ओलांडून गेली. सीमेचा तंटा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र दुसऱ्या दिवशी मैदानावर जे पाहिले ते समजण्यासाठी एवढे ध्यानात असलेले बरे.

सकाळच्या बसने निघालो. पाटी कन्नड, वाहक मात्र मराठीत तिकिटे देत होता आणि मागच्या बाकावरील प्रवाशांशी त्याच दमात कन्नडात हुज्जत घालीत होता. तवंदीचा घाट चढून स्तवनिधीचे जैन क्षेत्र मागे टाकले, पुढे संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी. दुतर्फा उसाचे हिरवे पट्टे आणि मधूनमधून तांबडी उघडी जमीन. वंटमुरी ओलांडली की हवेत गारवा जाणवू लागतो. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे माहेर जे काकती, ते आले की बेळगाव आलेच. सुमारे दोन तासांच्या या प्रवासात चिरंजीवांना काय सांगायचे त्याची आम्ही मनाशी उजळणी केली. भाषण चांगले तयार झाले होते. त्यात व्यवहार होता, उदाहरणे होती, आईच्या डोळ्यांतले पाणी होते. सौभाग्यवतींनी ते निमूटपणे ऐकून घेतले आणि त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

बेळगावची टिळकवाडी ही आम्हाला नेहमीच आपल्या इंदूरच्या जुन्या वस्त्यांची बहीण वाटते. तीच कौलारू घरे, तीच दारातली तुळस, अजून उरलेली तीच आंब्याची झाडे. भर पडते ती रेल्वे फाटकांची. पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट अशा खुणांवर येथील पत्ते सांगितले जातात. लोकमान्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना केली ती याच शहरात. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असे काँग्रेसचे एकमेव अधिवेशन १९२४ मध्ये याच परिसरात भरले. काँग्रेस रोड आणि अधिवेशनासाठी खोदलेली विहीर त्याची साक्ष देतात. पु. ल. देशपांडे येथल्याच राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत होते. इतके सारे आम्हाला ठाऊक होते. हे शहर हॉकीचेही आहे, हे मात्र लेले मैदानाच्या कडेला उभे राहीपर्यंत ठाऊक नव्हते.

दोन्ही महाविद्यालयांची नावे आम्ही मुद्दाम देत नाही; जिंकणाऱ्याला त्याने अधिक काही मिळणार नाही आणि हरणाऱ्याला उगाच लागेल. मैदानावरचे गवत जागोजागी झिजून तांबडी माती वर आली होती. प्रेक्षक दोनअडीचशे असतील. एका बाजूला विद्यार्थ्यांचा घोळका ताशा घेऊन सज्ज, तर झाडाच्या सावलीत खुर्च्यांवर काही वयस्क मंडळी. त्यांतल्या एका ताठ कण्याच्या वृद्ध गृहस्थांनी सरकून आम्हाला जागा करून दिली. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कॅम्पात रेजिमेंटचे केंद्र, म्हणून निवृत्तीनंतरही याच गावी राहिलेले.

“कोणाकडचे?” त्यांनी विचारले.

“त्या गोलरक्षकाचे मामा,” आम्ही म्हटले.

त्यांनी आमच्याकडे नव्या आदराने पाहिले. “मग तुम्हाला खेळ दिसणार नाही,” ते म्हणाले. “गोलरक्षकाच्या घरच्यांना फक्त चेंडू दिसतो.”

हे वचन किती खरे होते याचा प्रत्यय लवकरच आला. पंधरा पंधरा मिनिटांचे चार डाव. पहिल्या डावात सौभाग्यवतींनी प्रश्नांची सरबत्ती चालविली. पंच सारखी शिट्टी का वाजवितात? चेंडू पायाला लागला तर एवढे काय बिघडले? आपला मुलगा एकटाच का उभा? सुभेदारसाहेबांनी शांतपणे सारे समजावून सांगितले. अकरा जणांत अंगाने चेंडू अडविण्याची मुभा एकट्या गोलरक्षकाला, तीही त्या अर्धवर्तुळापुरती. मागे जे लोखंडी चौकटीचे दार आहे त्याची रुंदी ३.६६ मीटर, उंची २.१४ मीटर. “आज यांना शिरस्त्राण आहे, छातीला कवच आहे, पायांना फोमचे जाड पॅड आहेत. आमच्या वेळी पॅड बांधायचे आणि देवाचे नाव घ्यायचे.”

दुसऱ्या डावाच्या प्रारंभीच घात झाला. प्रतिपक्षाच्या एका आघाडीवीराने लांबून चेंडू मारला. तो सरळ भाच्याच्या पॅडवर येत होता. इतक्यात मातीच्या ढेकळावर उसळला आणि त्याच्या खांद्यावरून आत गेला. ताशा कडाडला. आमच्या पोटात खड्डा पडला. आपण ज्या खेळापासून मुलाला सोडवायला आलो, त्यात तो हरतो आहे याचे आपल्याला वाईट का वाटावे, हा विचार मनात आला खरा; पण तो टिकला नाही.

मध्यंतरात चहा आला. सुभेदारसाहेब म्हणाले, “घाबरू नका. एका गोलाचे अंतर म्हणजे काहीच नाही, आणि सारे काही तेच. आमचे शंकर लक्ष्मण तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत गोलात उभे राहिले. १९५६ मेलबर्न, पाकिस्तानविरुद्ध एक-शून्य. १९६० रोम, शून्य-एक. १९६४ टोकियो, पुन्हा एक-शून्य. तीन सामने, समोर एकच प्रतिस्पर्धी, आणि तिन्ही वेळा अंतर एका गोलाचे! टोकियोच्या त्या संघात आमच्या बेळगावचे बंडू पाटीलही होते. १९६६ च्या आशियाई स्पर्धेत तर लक्ष्मण कर्णधार. तेथेही पाकिस्तानवर एक-शून्य, जादा वेळेत. आमच्या रेजिमेंटचा माणूस तो. पण तुम्ही इंदूरचे ना? मग तो तर तुमचाच. महूचा.”

आम्ही मान डोलाविली आणि चहाच्या पेल्यात पाहू लागलो. ते का, ते पुढे सांगू.

तिसऱ्या डावात आमच्या बाजूच्या उजव्या बगलेवरील एका चपळ मुलाने दोघांना चकवीत मुसंडी मारली, चेंडू मध्ये दिला आणि गर्दीतून कोणाची तरी काठी त्याला लागली. एक-एक! सौभाग्यवती खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या त्या पुन्हा बसल्याच नाहीत. ज्या घरात मोठ्याने कधी बोलत नाहीत, त्या येथे “अरे, सोड त्याला, पुढे जा!” असे ओरडत होत्या.

मैदानावरची भाषा ऐकण्यासारखी होती. आमच्या संघात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी मुले होती आणि समोरच्या संघातही तशीच होती. चेंडू हवा असेल तर कोणी “बा, बा” म्हणे, कोणी “इकडे दे”, कोणी “कोडो”. संकटात तिन्ही भाषांची एकच आरोळी उठे. खानापूरकडचा मुलगा कन्नडात हाक मारी आणि गोकाककडचा मराठीत उत्तर देई. ज्याच्या वाटेवर चेंडू त्याला ज्या भाषेत चटकन कळेल ती भाषा. दुसरा विचार करायला सवडच नसते. मैदानाबाहेर पडल्यावर हीच मुले दुकानाच्या पाट्यांवरून भांडतीलही. भांडणार नाहीत अशी भाबडी ग्वाही आम्ही देत नाही. त्या तासाभरात मात्र बाजू दोनच होत्या, आणि त्या सदऱ्याच्या रंगावरून ठरत होत्या.

शेवटच्या डावात भाच्यावर हल्ल्यांमागून हल्ले आले. एकदा त्याने उजवा पाय ताणून चेंडू बाहेर घालविला. एकदा पुढे धावत जाऊन जमिनीवर आडवा झाला आणि आघाडीवीर त्याच्या अंगावर कोसळला. तो उठेपर्यंत सौभाग्यवतींनी आमचा दंड इतका घट्ट धरला होता की, निपाणीस परतल्यावरही बोटांचे वळ दिसत होते. सुभेदारसाहेब एकाच वाक्याचा जप करीत होते : “जागा सोडू नको, बाळा, जागा सोडू नको.”

एक मिनिटाहून कमी वेळ उरला असताना आमच्या अर्धवर्तुळात चेंडू एकाच्या पायाला लागला आणि प्रतिपक्षास पेनल्टी कॉर्नर मिळाला. गोलरक्षकासह पाचच रक्षकांनी गोलरेषेमागे थांबायचे; उरलेल्यांनी मध्यरेषेपलीकडे जायचे. ते जागा घेत असतानाच वेळ संपल्याची शिट्टी झाली. आम्ही आनंदाने टाळ्या वाजविल्या. सुभेदारसाहेबांनी हात वर करून थांबविले. “सामना संपलेला नाही. वेळ संपला तरी मिळालेला कॉर्नर खेळावाच लागतो.”

असा नियम हॉकीत आहे, आणि तो फार कठोर आहे. मैदानावर शांतता पसरली. ताशाही थांबला. बाजूने चेंडू आत आला, अर्धवर्तुळाच्या टोकावर एकाने तो अडविला, दुसऱ्याने काठी फिरविली. फटका जोराचा मारला तर पहिला चेंडू गोलातील फळीपेक्षा, म्हणजे ४६ सेंटिमीटरांपेक्षा उंच जाता कामा नये. म्हणून तो जमिनीलगत, गोळीसारखा आला. भाच्याने डावा पाय टाकला. ठप्प असा आवाज झाला. अडविला! आमच्या तोंडून आरोळी निघाली. पण पॅडवरून उडालेला चेंडू उजवीकडे गेला, तेथे एक मुलगा मोकळा उभा होता आणि त्याने तो हलकेच आत ढकलला. दोन-एक. पुन्हा शिट्टी झाली. आता मात्र सामना खरोखरच संपला.

जिंकलेल्यांचा जल्लोष ओसरेपर्यंत भाचा गोलातच गुडघ्यांवर बसून होता. ज्याने गोल केला तोच मुलगा त्याच्याकडे आला, काहीतरी बोलला आणि पाठीमागचे पट्टे सोडण्यास मदत करू लागला. काय बोलला ते एवढ्या लांबून ऐकू आले नाही.

थोड्या वेळाने भाचा आमच्याजवळ आला. अंगावर तांबडी माती, कोपर सोललेले. वाकून नमस्कार केला आणि पहिलेच वाक्य बोलला ते असे : “मामा, पहिला अडवल्यावर मी अर्धं पाऊल डावीकडेच राहिलो. अर्धंच. परत यायला हवं होतं.” त्याच्या मनात दुसरे काहीच नव्हते. पराभव नव्हता, उसळलेले ढेकूळ नव्हते, पायाला चेंडू लागू देणारा सोबती नव्हता. त्याने आपल्या वाट्याचे अर्धे पाऊल तेवढे उचलून घेतले होते.

मग तोच म्हणाला, “आईनं पाठवलंय ना तुम्हाला? सांगा, मी ऐकतो.”

आमचे तयार भाषण कोठे गेले कोण जाणे. आम्ही काही बोलण्याआधीच त्याने विचारले, “मामा, शंकर लक्ष्मण महूचे. तुमच्या घरापासून किती लांब? तुम्ही पाहिलंत का त्यांना कधी?”

हाच प्रश्न आम्ही मघापासून टाळीत होतो. महू आमच्या घरापासून पंचवीस किलोमीटरांच्या आत आहे. तेथल्या लष्करी छावणीत बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, म्हणून पाहुण्यांना घेऊन आम्ही कितीदा तरी तेथे गेलो आहो. त्याच गावी ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक मिळविणारा, अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री लाभलेला गोलरक्षक, लष्करातून कॅप्टन म्हणून निवृत्त होऊन राहत होता. त्याचे अखेरचे दिवस ओढगस्तीत चालले आहेत, पायाला गँगरीन झाले आहे, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. हळहळलो होतो, पान उलटले होते. २९ एप्रिल २००६ रोजी ते गेले. आम्ही कधी गेलो नाही. दोन शब्दांचे पत्रदेखील धाडले नाही.

“नाही,” आम्ही म्हटले. “जवळ होते, पण पाहिले नाहीत.”

भाचा काही बोलला नाही. सुभेदारसाहेबही गप्प राहिले. आमच्या भाषणात शंकर लक्ष्मणांचे उदाहरण होते, हे येथे कबूल केले पाहिजे. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही गत, तर तुझे काय, असे आम्ही विचारणार होतो. परंतु ती गत हॉकीने केली होती, की गोल मोजून घरी निघून जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी? बहिणीची भीती खोटी नाही. मात्र तिचे मूळ मैदानावर नसून मैदानाच्या कडेला आहे, हे त्या दिवशी आम्हाला प्रथमच दिसले. आणि कडेला तर आम्हीच बसलो होतो.

शेवटी आम्ही त्याला एवढेच म्हटले की, पदवीची परीक्षा चांगली दे, बँकेचे अर्जही भर. पहाटेचे मैदान सोड असे आमच्याने सांगवत नाही. तो हसला. सौभाग्यवतींनी पिशवीतून कुंद्याचा डबा काढला. तो खरे तर इंदुरास न्यायचा होता. पण अकराही जणांनी तेथेच संपविला. गोल करणारा प्रतिपक्षाचा मुलगाही त्यांत होता.

रात्री निपाणीस पोहोचलो तेव्हा बहीण दारातच उभी होती. तिने डोळ्यांनीच विचारले. आम्ही म्हटले, “सांगितले नाही. पुढच्या सामन्याला तू चल. मग तुला वाटले तर तूच सांग.”

ती रागावेल असे वाटले होते. पण ती तेथेच उंबऱ्यावर बसली. इतक्या वर्षांत तिने मुलाला एकदाही खेळताना पाहिले नव्हते. थोड्या वेळाने हलक्या आवाजात म्हणाली, “लागलं नाही ना रे त्याला?”

“कोपर सोलले आहे थोडे.”

“आणि जिंकले का?”

“नाही. दोन-एक असे हरले. वेळ संपल्यानंतरच्या गोलाने.”

आत दाजी जागेच होते. त्यांच्या अंथरुणावरून आवाज आला, “म्हंजे एकानंच की.”

“हो, एकानंच,” बहीण म्हणाली आणि आमची ताटे वाढायला उठली.